चाचांचे कान

चाचा मिस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधून गाडी दुरुस्त करीत. अमरावतीत उभी हयात गॅरेज चालवून ते निवृत्त झाले होते आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला राहत. माझ्या वडिलांची जुनी मोटार, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा असलेली, पत्र्याच्या शेडखाली अकरा वर्षे उभी होती. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर ती आपल्या हाताने चालती करावी, असे मला वाटले, आणि मी बराच संकोच करून त्यांच्याकडे गेलो. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “सांगीन मी सारं. पण हात तुमचे लागतीन, सर. मी करून देली त थे माही गाडी होईन.”

मी भौतिकशास्त्र शिकवीत असे. इंजिनाची आकृती फळ्यावर असंख्य वेळा काढली होती. बोल्ट कोणत्या बाजूला फिरवल्यास सुटतो, हे मात्र ठाऊक नव्हते. चाचांना याची भारी गंमत वाटे. चहा घेऊन आलेल्या माझ्या पत्नीला ते गंभीरपणे सांगत, की सरांना इंजिन येते, पण खडूने. काढलेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर ओळीने मांडायचा आणि शेवटच्यापासून परत बसवायचा, ही त्यांची शिस्त. मी चुकीचा पाना उचलला, की ते नुसते खाकरत.

त्यांची खरी ख्याती कानांची होती. भातकुलीकडून येणारी गाडी गॅरेजच्या कोपऱ्यावर वळताच तिचे दुखणे ते सांगत, असे जुने लोक म्हणत. मला त्या कानांचाच आधार होता, कारण गाडीची नोंदणी संपली होती आणि तपासणी पंधरा दिवसांवर आली होती. तिच्यात गाडी नापास झाली असती, तर वडिलांची ती एवढीच उरलेली वस्तू भंगारात गेली असती.

चूक माझ्या हातून कार्बोरेटर साफ करताना झाली. त्यात पितळेचे जेट असतात. त्यांच्या बारीक छिद्रांतून इंजिनाला मोजके पेट्रोल मिळते. ती छिद्रे सायकलच्या पंपाने हवा मारूनच साफ करायची, असे चाचांनी बजावले होते. एक जेट मोकळा होईना. चाचा नमाजाला गेले होते. मी घरातली जाड सुई आणली आणि छिद्रात घालून फिरवली. जेट मोकळा झाला, लखलखलाही. पितळ मऊ असते आणि छिद्र रुंदावले की प्रवाह वाढतो, हे मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना शिकवले होते.

गाडी सुरू झाली, पण मागून काळा धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येऊ लागला. फाटकापाशी उभ्या चाचांनी डोळे मिटले. “जेटचं भोक मोठं झालं वाटते. सुई त नाई घातली, सर?”

“नाही,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या कानांवरचा काढून घेतला. पुढचे तीन दिवस त्यांनी माझ्याकडून चोक, फ्लोट, प्लग, सारे दोनदोनदा उघडवले. धूर तसाच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी ते कधी नव्हे ते खुर्चीवर बसले. “सर, तुमी दुसरा मिस्त्री पाहा,” ते हळूच म्हणाले. “माहे कान गेले आता.”

मी घरात गेलो, सुई आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांत धरून उजेडात फिरवून पाहिली.

“म्हंजे मी बरोबर आयकलं होतं,” ते म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, “बरोबर आयकलं होतं.” चेहऱ्यावरचे तीन दिवसांचे ओझे उतरलेले मला स्पष्ट दिसले. नंतर त्यांनी मान वर केली. “खोटं बोलल्यावर पोट्ट्यायले बाकावर उभं करत होते ना तुमी? राहा आता उभे.” मी उभाच होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. तिथल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानात डबाभर जेट होते, पण त्यांवरचे आकडे झिजलेले. चाचा एकेक जेट ओठांत धरून फुंकर घालीत आणि पुढे धरलेल्या बोटाला हवा किती लागते ते पाहत. नववा त्यांनी माझ्या हातात दिला. तो मीच बसवला. धूर थांबला. तपासणीत अधिकाऱ्याने गाडीभोवती फिरून कागदावर सही केली आणि गाडी पास झाली.

त्या हिवाळ्यात चाचा कायमचे अकोल्याला मुलीकडे राहायला निघाले. त्यांना पोहोचवायला मीच गाडी काढली. बडनेऱ्यापर्यंत ते ताठ बसून, मान किंचित कलती करून इंजिन ऐकत होते. मी अवघडून गेलो होतो. पण ते एकदाही खाकरले नाहीत. मूर्तिजापूर मागे पडल्यावर मी शेजारी पाहिले, तर त्यांची टोपी खिडकीच्या काचेला टेकली होती आणि ते गाढ झोपले होते. बोरगाव मंजूला चहासाठी थांबायचे आमचे ठरले होते. मी थांबलो नाही.