मामांच्या कढईची साक्ष

परदेशी गुंतवणुकीवर आमच्या हिच्या मामांइतकं जीव लावून प्रेम करणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. मामा ईट गावचे, खव्याची भट्टी चालवणारे. मी बँकेत कारकून, तेव्हा माझी आणि डॉलरची रोज गाठ पडते असा त्यांचा ठाम समज. उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच, पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "काय म्हणतोय डॉलर, पाव्हणं?" मामींनी माहेरहून चटणी आणली की ती आयात, लेकीकडे खवा धाडला की निर्यात. मामींनी अबोला धरला की मला हळूच सांगायचे, "सध्या व्यापार बंद हाय."

अशा माणसाच्या गावात खरोखरच परदेशी पैसा घातलेली दूध कंपनी आली आणि तिनं संकलन केंद्र उघडलं. ग्रामसभेत मामाच सगळ्यात जास्त बोलले, "भाईरचा पैका आल्याबिगर गाव वर येत न्हाय." आजवर गावाचं दूध मामांच्या भट्टीला जायचं; कंपनीचा भाव त्याहून चांगला होता, पण फॅट मोजणाऱ्या मशीनवर लोकांचा भरवसा बसेना. ईटमध्ये दुधाचा कस ठरायचा मामांच्या कढईत. ज्याचं त्याच्यासमोर थोडं दूध आटवायचं, खवा तोलायचा, की वाद संपला. "मामा म्हणतील तसं," म्हणून गाव थांबलं.

मग मामांनी भट्टी पेटवली. काही घरांचं दूध घेतलं, प्रत्येकाचं थोडं मशीनला आणि थोडं कढईत. सारं गाव गोळा झालेलं. मशीन खोटं आहे एवढं ते म्हणाले असते, तर भट्टी आणखी कित्येक वर्षं धडधडत राहिली असती. मामी दारात पदर धरून उभ्या होत्या. मामांनी खवा तोलला, मशीनचे आकडे पाहिले, पुन्हा तोलला. ज्या दुधाला मशीननं जास्त फॅट दिली होती, त्याचाच खवा जास्त उतरला होता.

"मशीन खरं बोलतंय," ते म्हणाले. "तिकडंच घाला."

लोकांनी ऐकलं. कुणाच्या घरावर स्लॅब चढला, कुणाची पोरगी एसटीनं भूमच्या कॉलेजात जाऊ लागली. मामांच्या भट्टीला मात्र दूध मिळेना, आणि ती विझली.

परवा गेलो तेव्हा मामा स्वतःच्या म्हशीचं दूध घेऊन केंद्राच्या रांगेत उभे होते. मला राहवलं नाही. विचारलं, "मामा, वाईट नाही वाटत?"

"वाटतंय की," ते म्हणाले. "पर गावाचं भलं झालं का न्हाय? त्यात माझंबी व्हावं, असं कुठं ठरलं व्हतं?"

निघताना त्यांनी हिच्यासाठी खव्याचा गोळा बांधून दिला, घरच्या गॅसवर केलेला. घरी सोडून पाहिला तर कढईला लागून करपलेला होता. मामांचा खवा लागलेला मी जन्मात पाहिला नव्हता. हिनं तो करपट खवा सगळ्यांना वाढला, आणि आम्ही कणभरही मागे ठेवला नाही.