दगडमाशीच्या बाई

"समजलं का?" असं सगळेच शिक्षक विचारतात. नांदेडच्या आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई मात्र फळ्यासमोर मध्येच थांबायच्या आणि म्हणायच्या, "पोरींनो, हे मलाच कळंना गेलंय." सुरुवातीला आम्ही हसायचो. पुढे भीती वाटायला लागली. बाईंनाच कळत नाही म्हटल्यावर आम्ही जायचं कुणाकडे?

त्यांचा जीव स्टोनफ्लायवर. आम्ही तिला दगडमाशी म्हणायचो. थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात दगडांखाली वाढणारा हा कीटक. आमच्या घाटाजवळच्या गोदावरीत तो कुठला सापडायला! बाईंकडे दोन जाती होत्या. एक त्यांनी स्वतः हिमालयातल्या ओढ्यातून आणलेली, दुसरी न्यूझीलंडच्या एका संशोधक मैत्रिणीनं पाठवलेली. पुढे बाईंच्याच हाताखाली केलेला माझा पीएचडीचा प्रबंध या दोघींच्या तुलनेवर होता. पिल्लं वरून सारखीच दिसत. पण हिमालयातल्या जातीचे कल्ले पायांच्या बगलेत, न्यूझीलंडच्या जातीचे पार शेपटाशी, झुबक्यासारखे. शिवाय उत्तर गोलार्धातल्या बऱ्याच जातींतले नर पोट आपटून मादीला साद घालतात, दक्षिणेकडचे गप्प. "खानदान एकच, मग एवढा फरक का पडला असंल?" भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बाई विचारायच्या.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं तेच विचारलं. "दक्षिणेकडची माशी पोट आपटणं विसरली, की तिला ते कधी येतच नव्हतं?"

"विसरली, सर," मी ठासून सांगितलं. प्रबंधात तसंच लिहिलं होतं.

शेजारच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, "न्हाई सर. याला आमच्याकडं पुरावा न्हाई. माझ्याही नजरेतून सुटलं. हे प्रकरण तिला पुन्हा लिहू द्या."

माझं वर्ष गेलं. लातूरच्या कॉलेजात ठरत आलेली नोकरीही गेली. स्वतःच्याच विद्यार्थिनीला असं कुणी अडवतं का, घरचे विचारत. प्रकरण नव्यानं लिहिलं, पदवी मिळाली. बाईंनी पेढा घेतला, पण त्या दिवसाबद्दल त्याही बोलल्या नाहीत आणि मीही नाही.

यंदा बाई गेल्या. त्यांच्या गावी, जळकोटच्या बुद्धविहारात शोकसभा होती. मला बोलायला उभं केलं. रुसावं की आभार मानावेत, तेच ठरेना. दोन वाक्यांत अडखळले आणि खाली बसले.

बाहेर चपला घालताना त्यांच्या धाकट्या बहिणीनं माझा हात धरला. "जिची परीक्षा अडवली होती, ती तूच का गं?"

मी मान हलवली.

"त्या दिवशी जेवली न्हाई ती. लई रडली. 'पोरीचं वाटोळं केलं का मी?' म्हणून मलाच विचारून राहिली होती. मला काय कळतंय तुमच्या माश्यांतलं? मी काय सांगणार?"

हात न सोडता त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"न्हाई, मावशी," मी म्हणाले. "न्हाई केलं."