कागदावर नेम धरण्याचा परवाना

कलेक्टर कचेरीत बंदुकीच्या परवान्यांचं टेबल सांभाळणारा कारकून तसा सज्जन माणूस होता. त्याने माझा अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "बाई, कारणाच्या रकान्यात हे काय लिहिलंय?"

"निशाणेबाजी."

"कशावर?"

"कागदावर. पन्नास मीटरवर कागद लावतात. त्यावर काळा गोल असतो."

"म्हणजे गोळी घालायची ती कागदाला."

मी हो म्हटलं. त्याच्या टेबलावर येणारी माणसं दोनच कारणं लिहीत, स्वसंरक्षण नाहीतर पीक संरक्षण. बाईमाणसाचा अर्ज त्याने एकदाच पाहिला होता, तोही वारलेल्या नवऱ्याची बंदूक नावावर करून घ्यायला आलेला. त्याला माझं भलं करावंसं वाटलं. आवाज खाली आणून म्हणाला, "तुमची शिरोळला जमीन आहे ना? मग पीक संरक्षण लिहा. महिन्यात काम होतंय."

"पण आमच्या उसात डुकरं येत नाहीत. आणि या रायफलीनं डुक्कर मरत नाही, नुसतं चिडतं."

"कागदावर कुठं मरायचं आहे ते?" तो म्हणाला. पण मी रकाना बदलला नाही आणि त्याने अर्ज ठेवून घेतला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची. मी कोल्हापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. कॉलेजात एनसीसीत असताना पहिल्यांदा रायफल हातात घेतली आणि त्या दिवसापासून तिने मला सोडलं नाही. माझं डोकं एरवी सतत चालू असतं. वर्गात असले की घरचं आठवतं, घरात असले की वर्गातलं. नेम धरला की मात्र डोक्यात फक्त तो काळा गोल उरायचा. ती शांतता मला दुसरीकडे कुठेही मिळाली नाही.

लग्नानंतर दोन वर्षं ते सगळं सुटलं. मग कळलं की गावाबाहेर, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत दर रविवारी रायफल क्लब भरतो. तिथे शिकवायला एक उस्ताद येत. त्यांच्या घराण्यात संस्थानाच्या काळापासून बंदुका दुरुस्त करायचं काम होतं. माझी पहिली दहा काडतुसं झाल्यावर त्यांनी कागद उन्हाकडे धरून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "बेटी, रोज रोज दुसऱ्याच्या रायफलीवर हात कसा बसणार? आपली घ्यायला पायजे." मग त्यांनीच एक शोधून काढली. एका निवृत्त फौजी साहेबांची जुनी, हलक्या दस्त्याची पॉइंट टू टू बोअरची रायफल. साहेब दिवाळीपर्यंत थांबायला तयार होते. परवाना त्याआधी हवा होता, आणि तेव्हा जून सुरू होता.

घरात माझे पती, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणत असे. उभा जन्म शिरोळच्या रानात गेलेला, आवाज चार घरं पलीकडे जाईल असा. मी क्लबात जाते हे त्यांना चालत होतं, पण मी एनसीसीची जुनी पँट घालून निघाले की त्या तोंड फिरवत. आमचं हे एका रविवारी निकराला आलं.

"आत्या, पालथं झोपून गोळी मारावी लागते. पाचवारी साडीत जमत नाही."

"मग नऊवारी नेस की. काष्टा घालून आमी उसात भांगलन केली, गाडी हाकली, हिरीत उतरलो. तुजी बंदूक काय त्येच्यापेक्षा अवघड हाय?"

मला हसू आलं, पण त्यांनी पेटीतून आपलं सुती लुगडं काढलं आणि मला उभं करून स्वतः नेसवलं. काष्टा असा घट्ट मारला की मी चालायलाच बिचकले. खाणीत जाऊन पालथी झाले तेव्हा कळलं. पाय हवे तसे पसरता येत होते, काही सरकत नव्हतं, काही अडकत नव्हतं, आणि पदर कमरेला खोचला की खांदा मोकळा. त्या दिवशी मी चांगला नेम मारला. क्लबातल्या पुरुषांनी पहिल्यांदा चोरून बघितलं, मग उघड, आणि तिसऱ्या रविवारी कोणी बघेनासं झालं.

ऑगस्टात चौकशीला हवालदार आला. सकाळची वेळ, मी शाळेत निघण्याच्या घाईत. गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या. आत्या जोत्यावर जोंधळे पाखडत होत्या.

"या पावणं, बसा," त्या म्हणाल्या. "काय विचारायचं ते मला विचारा. तिला उशीर हुतोय."

हवालदाराने वही उघडली. "घरात भांडणतंटा?"

"हाय की. रोज हाय. आमटीत मीठ कमी पडलं की हाय."

त्याचा हात थांबला. "तसं न्हवं मावशी. मारामारी, दावे, वैर?"

"तसलं कायबी न्हाय."

"सूनबाईंचा स्वभाव कसा हाय?"

मी दारात चपला घालत होते, तिथेच थबकले. आत्यांनी सूप खाली ठेवलं. "हट्टी हाय. कुनाचं ऐकत न्हाय. पर खोटं बोलत न्हाय. लिवा तसं."

तो लिहीत राहिला. मग म्हणाला, "बंदूक घरात आल्यावर तुमाला भ्या न्हाय वाटायचं?"

"भ्या कशाचं? कपाटात कुलपात ऱ्हाईल." त्यांनी कमरेची किल्ली हलवून दाखवली. "आणि किल्ली माज्याकडं."

मी शाळेपर्यंत सायकल मारत गेले ती हसतच. पण त्या हसण्यात दुसरंही काही होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि माझ्याबद्दल त्यांनी कोणाला काही चांगलं सांगितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

गणपती गेले, नवरात्र जवळ आलं, तेव्हा कलेक्टर कचेरीतल्या साहेबांपुढे मुलाखतीचं बोलावणं आलं. साहेब तरुण होते, परगावचे, शब्द मोजून बोलणारे. त्यांच्यापुढे हवालदाराचा अहवाल होता.

"शस्त्र बंद कपाटात ठेवले जाईल," ते वाचू लागले. "किल्ली अर्जदाराच्या सासूच्या ताब्यात राहील." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अशी व्यवस्था मी आजवर वाचली नव्हती. पण कायद्यानं शस्त्राची जबाबदारी तुमची. किल्ली तुमच्याकडेच पाहिजे."

"साहेब, ते आमच्या आत्यांना तुम्हीच सांगा."

ते हसले नाहीत, पण ओठ दाबून कागद चाळत राहिले. "कारण बदललं असतंत तर एव्हाना परवाना मिळाला असता, हे माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग?"

"खोटं लिहून आणलेल्या रायफलीवर नेम बसायचा नाही माझा."

हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर कान गरम झाले. साहेबांनी विचारलं, "क्लब कुठे भरतो?"

पुढच्या रविवारी ते खाणीत खरंच आले, साधा शर्ट घालून, सायकलवर. मी नऊवारीत पालथी होते, क्लबाची रायफल खांद्याला. उठून नमस्कार करू की तसंच राहू, कळेना. उस्ताद मागून म्हणाले, "पडून ऱ्हा. नमस्कार नंतर."

पहिली गोळी काळ्या गोलाच्या बाहेर गेली. मी डोळे मिटले, श्वास सोडला, अर्धा आत घेतला. मग चाप ओढला गेला तो जणू आपसूक. पुढच्या नऊ गोळ्यांच्या वेळी मागे कोण उभं आहे हे मी विसरले होते. कागद आणला तेव्हा बाहेरचं एक भोक एकटंच होतं, आणि मध्ये बाकीची नऊ इतकी जवळ की सदऱ्याच्या मोठ्या बटणाखाली झाकावीत. साहेबांनी कागद हातात घेतला, त्या एकट्या भोकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही माझ्यामुळे?"

"हो," मी म्हणाले.

तेव्हा ते मोकळेपणाने हसले.

दिवाळीला आठ दिवस असताना परवान्याचं पुस्तक हातात आलं. कारकुनाने स्वतः उठून दिलं. प्रयोजनासमोर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: निशाणेबाजी. "पहिल्यांदाच लिहिला हा शब्द," तो म्हणाला. "दोनदा शुद्धलेखन विचारून घेतलं."

रायफल घरी आली आणि किल्लीचा प्रश्न आत्यांनीच सोडवला. कपाटाला दोन कुलपं लावली, एक माझं, एक त्यांचं. त्यामुळे दर रविवारी आम्ही दोघी कपाटापुढे शेजारी उभ्या राहायचो, आणि रायफल निघाली की "आता निघालीच हाय तर" म्हणत आत्याही माझ्याबरोबर टांग्यात बसायच्या. खाणीत त्या भाकरी आणि ठेचा सगळ्या क्लबाला वाटत. उस्तादांचं आणि त्यांचं जुन्या पुरांवरून, जुन्या शिकारींवरून तासतास चालायचं.

हिवाळ्यात एकदा उस्तादांनी त्यांच्या हातात छऱ्याची बंदूक दिली. आत्यांनी काष्टा सारखा केला, पालथ्या झाल्या, एक डोळा मिटायचा तर दोन्ही मिटले. छरा शेजारच्याच्या कागदाला लागला. मी हसू दाबत होते.

आत्यांनी मान वळवली नाही. हात तेवढा छऱ्यासाठी मागे, माझ्याकडे केला.

"आनखी एक दे," त्या म्हणाल्या. "आत्ता कळलं कसं ते."