स्वयंपाकघराचा नळ

पाचोऱ्याला रेल्वे इंजिनांना पाणी देणाऱ्या टाकीवर हिलाल मिस्त्रीची उमर गेली. नोकरी सुटली तेव्हा गुडघे कामातून गेले होते, उजवा खांदा वर होत नव्हता. आता घरी पडून राहायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण कापडवाले केवलचंदशेठ स्वतः दारात आले.

"आडाचं पाणी घरभर खेळवायचंय, मिस्त्री. तुम्हीच करा."

हिलालला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता. तो गेला.

शेठच्या परसातल्या फरशीवर त्यानं खडूनं आखणी केली. उन्हाळ्यात पाणी खोल जातं, म्हणून हातपंप आडाच्या आत तुळईवर बसवायचा, दांडा वर काढायचा. आडाला झाकण, गच्चीवर लोखंडी टाकी. तिथून एक नळ न्हाणीत, एक हौदावर, एक गल्लीकडच्या भिंतीनं स्वयंपाकघरात. शेठ रोज एखादं वळण बदलायचे. हिलाल पुसायचा, पुन्हा वाकून आखायचा.

नळ टाकून झाले. पंप तेवढा उतरवायचा राहिला, तेव्हा शेठची आई प्रेमकुंवर परसात आली. लग्न होऊन मारवाडातून आल्यापासून ती याच आडाचं पाणी शेंदत होती. जैन रीतीनं गाळून घ्यायची, गाळण्यातले जीव परत अलगद आडात सोडायची. तिनं पंपावर हात ठेवला.

"मिस्त्री, याच्या पोटात काय आहे?"

शेठनं मागून डोळ्यांनी खुणावलं. लोखंड म्हटलं असतं तरी भागलं असतं. पंप उघडून कोण बघणार होतं? पण म्हातारी आपल्या शब्दावर विसंबून मरेपर्यंत ते पाणी पीत राहील, हे हिलालला सोसवेना.

"माय, दट्ट्यावर चामडानी चकती शे. तिनाबिगर पानी वर येवाव नही."

"मग तो नळ माझ्या चुलीपाशी नको."

"अगं, मळ्यात सगळे चामड्याच्या मोटेचं पाणी पितातच ना?" शेठ चिडले.

"पितात. मी कधी प्यायले?"

शेठ हिलालकडे वळले. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

शेंदूर आणि सुतळी भरून घट्ट केलेले सांधे आता सोडवायचे, भिंत फोडायची, या विचारानंच हिलालचा खांदा ठणकायला लागला. तो पान्हा मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

प्रेमकुंवरनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "काढू नका. भिंतीला भोक पाडा, तोंड गल्लीत काढा. बाया नदीवरून हंडे आणतात. त्यांना चामड्याचं वावडं नाही."

"आनि तुमनं पानी?"

"माझं मी शेंदीन."

हिलाल उठला. भिंतीतून नळाचं तोंड गल्लीत काढलं, झाकणाची आखणी पुसली, पंप आडात एका कडेला उतरवला, अर्धा आड मोकळा ठेवला. म्हातारीचा हात पोचेल अशी कप्पी खाली आणून बसवली. एवढ्यात दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी शेठच्या गड्यानं, लोटननं, पंप मारला. गल्लीत आधी गंजाचं तांबडं पाणी आलं, मग नितळ. शेजारच्या झुंबरबाईनं पहिली कळशी लावली.

शेठ पुढे कितीतरी दिवस हिलालशी धड बोलले नाहीत. प्रेमकुंवर हात थकेपर्यंत शेंदत राहिली. नंतर सून कुसुमलता तिच्यासाठी शेंदू लागली. हिलालनं मात्र पुन्हा कुणाच्या आडाचं काम घेतलं नाही. कुणी बोलवायला आलं की तो खाटेवरूनच सांगायचा, "खांदा वर व्हत नही, भाऊ." ते खरंही होतं.