जूनचा कप्पा

"भोक पडलं ते पडलं!" असं म्हणत बाई प्रत्येक कार्ड खिडकीकडे धरायच्या, एक डोळा मिटून आरपार बघायच्या आणि मगच गठ्ठ्यात ठेवायच्या. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, या काय अंडी पारखतात की काय!

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर आमचा कारखाना नवा होता. कॉम्प्युटर हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. आमच्याकडे होता तो त्याचा आजोबा. जाड कार्डांवर आकड्यांची भोकं पाडायची आणि यंत्राने ती भोकं ओळखून कार्डं वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायची. भोकं पाडणाऱ्या बाई नगरकडच्या, विधवा. दोन मुलींचं पोट त्यांच्या बोटांवर चाले. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. "काय भाऊ, आज किती खोडलंत?" असं त्या मला रोज चिडवायच्या.

एकदा कामगारांच्या वयाची यादी निघाली. यंत्राने जन्ममहिन्याप्रमाणे कार्डं टाकली आणि जूनचा कप्पा भरून सांडायला लागला. बाकीचे जवळजवळ रिकामे. मुंबईहून नवे आलेले साहेब भडकले.

"अर्धा कारखाना एक जूनला जन्मला? बाई, डुलक्या काढत होता काय?"

"अर्जांवर तसंच आहे, साहेब."

चिखलीचा एक फिटर कामासाठी दारात उभा होता. तो म्हणाला, "साहेब, आमचा जलम कवाचा ते आईला बी ठावं न्हाई. शाळंत घालताना मास्तरांनी एक जून लिवली. समद्यांचं तसंच हाय."

साहेबांना ते पटेना. तारखा वर्षभरात नीट वाटून नवी कार्डं करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी बजावलं.

"कागदावर नाही ते भोक मी पाडणार नाही," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमची तारीख सांगा की साहेबांना."

माझीही एक जूनच. पण तारीख खोटी ठरून नोकरी जाईल या भीतीने मी मान खाली घालून खोडरबर शोधत बसलो. त्याची मला आजही लाज वाटते.

बाईंनी डबा उचलला, पदर खोचला. "कार्डं मोजून घ्या. एकही बदललेलं नाही," एवढं साहेबांना सुनावून त्या निघाल्या.

आठवड्याने नव्या मुलीने त्याच अर्जांवरून कार्डं केली. पुन्हा जूनच भरला! साहेबांनी बाईंकडे शिपाई धाडला. उलट निरोप आला, "चूक माझी नव्हती एवढं लिहून द्या, मग येते." साहेबांनी लिहिलं नाही. बाई आल्या नाहीत. पुढे त्या शिवणकाम करून मुलींना शिकवतात, असं कानावर आलं.

जुनी कार्डं रद्दीत निघाली तेव्हा मी माझं शोधून घरी आणलं. अधूनमधून ते खिडकीकडे धरतो, एक डोळा मिटतो. बाईंनी पाडलेलं भोक जिथल्या तिथे आहे. घरात कोणी नाही असं बघून मी मोठ्याने सांगतो, "एक जून, साहेब. माझीही एक जूनच."