माझं कार्ड, त्यांचा मोबाइल

माझ्या नवऱ्याने मला आजपर्यंत कशालाही नाही म्हटलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही त्या भल्या माणसाच्या नावाने बोटं मोडाल. दारू नाही, मारहाण नाही, आवाज चढवणं नाही. मुलगी झाली, माझी नोकरी सुटली, आणि एका रविवारी पोहे खाता खाता त्यांनी माझ्यासमोर एक चकचकीत कार्ड ठेवलं. "घे. लागेल ते घेत जा. मला विचारत बसू नकोस." मला इतकं भरून आलं की मी लगेच अमरावतीला आईला फोन लावला. आई म्हणाली, "नशीब काढलं तुनं, पोरी."

ते ॲड-ऑन कार्ड होतं. म्हणजे कार्डावर नाव माझं आणि खातं त्यांचं. बिल त्यांना, पॉइंट त्यांना, आणि मी कुठेही कार्ड टेकवलं की मेसेजही त्यांनाच. मी बिबवेवाडीत मेडिकलमधून बाम घेतला की तिकडे भोसरीच्या कारखान्यात त्यांचा खिसा थरथरायचा. संध्याकाळी बूट काढता काढता विचारायचे, "डोकं दुखत होतं का गं?"

सुरुवातीला वाटायचं, काय ही काळजी! मग हळूहळू कळायला लागलं. "आज दोन कॉफ्या? कोण भेटलं होतं?" "पुस्तकाच्या दुकानात गेली होतीस वाटतं." "ड्रेस घेतलास? दाखव ना." रागाने नाही हो विचारायचे, कौतुकानेच विचारायचे. रागावले असते तर मी काय कमी होते? आम्ही वऱ्हाडातल्या बाया, भांडणाला मागे हटत नाही. पण भांडायला समोर काहीतरी कडक लागतं. इथे सगळंच मऊ. मऊ गादीत माणूस रुततो तशी मी रुतत चालले होते आणि माझा जीव घुसमटत होता.

रोख मागितली की म्हणायचे, "कार्ड आहे ना? रोखीवर पॉइंट मिळत नाहीत." त्या पॉइंटांवर आमच्याकडे मिक्सर आला. यूपीआय आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे ना. पण खात्यात पैसे नसले की यूपीआय म्हणजे भिंतीवरचं चित्र, बघत बसा. पुढे पुढे मी काही घ्यायच्या आधीच संध्याकाळच्या प्रश्नाचं उत्तर जुळवायला लागले. भेळ खायची इच्छा झाली तरी मनात यायचं, काय सांगायचं? आणि भेळ राहायची.

नोकरीचा विषय मी दोनदा काढला. "कर की," ते म्हणाले. "पण तुझ्या लाइनचं काम सगळं हिंजवडीला. जाण्यायेण्यात निम्मा दिवस. मुलीचं कोण बघणार? आणि आपल्याला कमी काय आहे?" तिन्ही प्रश्न रास्त. रास्त प्रश्नांपुढे माणूस गप्प बसतो, हीच तर पंचाईत. तिसऱ्यांदा मी विषय काढलाच नाही. गुपचूप अर्ज पाठवायला लागले. मला माझा पगार हवा होता, माझ्या खात्यात, ज्याचा मेसेज फक्त माझ्या मोबाइलवर येईल. बाकी काही नको होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या. आयुष्य बारुदाजवळ गेल्यामुळे असेल, बोलणंही तसंच. मुलाखतीची माझी तालीम त्यांनी घेतली. डायनिंग टेबलाच्या पलीकडे चष्मा लावून बसल्या. "बोला, स्वतःबद्दल सांगा."

मी म्हटलं, "माझं माहेर अमरावती, लग्नानंतर पुण्यात..."

"थांबा. आपण इथे स्थळ बघायला आलात का? काम काय येतं ते सांगा."

त्यांच्याकडून शिकलेलं मी आता सगळ्या पोरींना सांगते. आधीच्या साहेबाची निंदा करायची नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या ही माझीही करेल. पगाराचा आकडा आपणहून आधी सांगायचा नाही. आणि पाणी विचारलं तर कधीही नको म्हणायचं नाही. अवघड प्रश्न आला की एक घोट घ्यायचा. तेवढाच विचाराला वेळ मिळतो, आणि पाणी पिणाऱ्याला कोणी मूर्ख म्हणत नाही.

बसच्या पैशांचीही वाट काकूंनीच काढून दिली. त्यांचा किराणा मी माझ्या कार्डावर घ्यायचा आणि त्यांनी मला रोख द्यायची. चोरी म्हणायची तर म्हणा, घरातल्या घरातली. महिनाअखेरीला नवऱ्याने मोबाइलवर बिल बघून विचारलं, "आपण तिघं इतका साबण लावतो?"

"लावतो," म्हटलं. "पुण्यात धूळ फार."

फोनवरच्या मुलाखती मी काकूंच्या बेडरूममध्ये बसून दिल्या. प्रत्येक ठिकाणी तेच. "मॅडम, गॅप खूप मोठा आहे." जणू इतकी वर्षं मी विहिरीत पडले होते! पहिल्या दोन-तीन वेळा मी काहीबाही सांगून तो गॅप झाकायला गेले आणि आपटले. झाकू नका. एका वाक्यात सांगा, मान वर ठेवून सांगा आणि कामाकडे वळा.

मग हिंजवडीच्या एका कंपनीचं बोलावणं आलं. क्रेडिट कार्डवाल्यांच्या तक्रारी सोडवायचं काम. मला हसूच आलं. दर महिन्याला बिलाची उलटतपासणी देऊन देऊन त्या विषयात माझी पीएचडी झाली होती. बिल निघायची तारीख वेगळी, भरायची वेगळी. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, म्हणजे पैसे भरायला जास्त दिवस मिळतात. कार्डावरून एटीएममधून रोख काढू नये, त्याच दिवसापासून व्याज लागतं. आणि किमान रक्कम भरली की सुटलो, असं समजणाऱ्याला तर मी हात जोडते. बाबा रे, तू सुटला नाहीस, तुला दोरी लांब दिली आहे.

त्या दिवशी नवरा कामावर गेला, मुलगी शाळेत गेली. तिला शाळेतून आणायचं काकूंनी कबूल केलं होतं. स्वारगेटहून बस पकडली. धास्तीने सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. वाकडच्या पुलाशी बस अशी अडकली की शेजारची बाई डबा काढून जेवून घेती झाली. कशीबशी पोचले. लेखी परीक्षा झाली. मग, "बसा, बोलावतो." बसले. दुपार उलटली तरी बसलेलीच. भुकेने डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

खाली कँटीन होतं. एक समोसा, एक चहा मागितला आणि नोट पुढे केली. काउंटरवरच्या बाईने न बोलता मागच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. रोख चालत नाही. मागे रांग उभी होती. त्यातल्या कोणालाही नोट देऊन पैसे भरायला सांगता आलं असतं, हे आज सुचतं. तेव्हा डोकं चालत नव्हतं, हात चालला. पर्समधून कार्ड निघालं आणि मशीनला टेकलंसुद्धा.

टिंग!

माय वं! गेला मेसेज भोसरीला. आता विचारणार, हिंजवडीला काय काम होतं? काय सांगू? इतक्या महिन्यांची लपवाछपवी एका समोशापायी उघडी पडणार होती. नोकरी मिळाली नाही, तर परत त्याच गादीत जाऊन रुतायचं होतं, आणि आता तर तोंड दाखवायलाही जागा नव्हती. मला रडू येत होतं आणि भूकही लागली होती. मी समोसा संपवला. तेवढ्यात वरून बोलावणं आलं. फोन बंद केला, तोंड पुसलं आणि गेले.

समोर माझ्याच वयाची एक मॅडम होती. तिने पाणी विचारलं, मी हो म्हटलं. गॅपचं एका वाक्यात सांगितलं. तारखांचं, व्याजाचं, दोनदा कापल्या गेलेल्या पैशांचं विचारलं, पटापट बोलले. तिने दोनदा मान डोलावली. मग खुर्चीत मागे टेकून म्हणाली, "समजा, मुख्य कार्डधारकाचा फोन आलाय. तो म्हणतो, बायकोचं ॲड-ऑन कार्ड आत्ताच्या आत्ता बंद करा. दुसऱ्या लाइनवर बायको आहे. ती म्हणते, बंद करू नका, मी बाहेर आहे आणि माझ्याकडे दुसरे पैसे नाहीत. तुम्ही काय कराल?"

मी ग्लास उचलला. एक घोट घेतला. आणखी एक घेतला. बरोबर उत्तर मला पाठ होतं. त्या बायकोच्या बाजूने बोलावं, टेबलावर हात आपटून बोलावं असं आतून उसळत होतं. आणि नोकरी टेबलाच्या पलीकडे बसली होती.

"कार्ड बंद करेन," मी म्हणाले.

"आणि तिला काय सांगाल?"

"सांगेन की हे कार्ड मुख्य धारकाच्या जबाबदारीवर दिलेलं आहे. ते बंद करण्याचा अधिकार त्यांचा आहे, त्यासाठी आपली संमती लागत नाही. आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मॅडम खूश झाली. "फार शांतपणे सांगितलंत. बहुतेक बायका इथे बायकोची बाजू घेऊन बसतात." मी हसले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती.

पुन्हा बाहेर बसवलं. मग तिनेच येऊन सांगितलं, सोमवारपासून या, पत्र मेलवर येईल. मी आभार मानले आणि लिफ्टने खाली आले. गेटबाहेर कंपन्यांच्या बसची रांग लागलेली, हॉर्नचा नुसता कालवा. आनंद झाला होता की नाही, मला नक्की सांगता यायचं नाही. फोन चालू केला मात्र, त्यांचाच आला. दम लागल्यासारखा आवाज.

"अगं कुठे आहेस? किती वेळ फोन लावतोय! तुझं कार्ड चोरीला गेलंय!"

"चोरीला?"

"घाबरू नकोस. मी बंद करून टाकलंय, तक्रारही नोंदवली. हिंजवडीत कुठल्याशा कँटीनमध्ये वापरलंय कोणीतरी. हे चोर आधी असंच करतात, चहा-समोशाएवढी छोटी रक्कम काढून बघतात, चालतंय का ते. पर्स बघ आधी तुझी. घरीच आहेस ना?"

मी तिथेच फुटपाथवर उभी राहिले. माझं डोकं कधी दुखतं, मी कॉफी किती पिते, मला कुठलं पुस्तक आवडतं, या माणसाला सगळं ठाऊक होतं. मेसेज आला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे चोर उभा राहिला. बायको उभी राहिली नाही. हिंजवडीत चोर असू शकत होता, मी नाही.

"अहो," मी म्हणाले, "चोर नाही. तो समोसा मी खाल्ला."



"तू? हिंजवडीत? कशाला?"

"नोकरीच्या मुलाखतीला आले होते. मिळाली. सोमवारपासून यायचंय."

मग ते घसा खाकरून म्हणाले, आणि खरं सांगते, काळजीनेच म्हणाले, "बरं. मग आता कार्ड लागेलच तुला. हे तर बंद झालं. नवं मागवतो, आठवड्यात येईल."

"मागवू नका," मी म्हणाले.