परत

काचेपलीकडं एक बोट वर व्हायचं. मान खाली, नजर मशीनवर, फक्त उजव्या हाताचं एक बोट वर. मग आमच्या हेडफोनमध्ये एकच शब्द यायचा, "परत."

काय चुकलं ते सांगायचं नाही. ओळखा तुमचं तुम्ही, नाहीतर गात बसा. नव्या पेठेतल्या एका बोळात पहिल्या मजल्यावर त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. रिक्षाला कर्णा लावून फिरणाऱ्या साड्यांच्या जाहिराती आणि जत्रेतली देवीची गाणी तुम्ही सोलापुरात कधी ऐकली असतील, तर त्यातली निम्मी यांच्या हातची. सगळे त्यांना मालक म्हणत. आमच्याकडं पानवाल्यालाही मालकच म्हणतात म्हणा, पण यांना म्हणताना माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा.

मी तिथं कोरसमध्ये गायचे. सहा वर्षांत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. ढोलकीवाला "ए ढोलकी", आणि आम्ही तिघी बायका मिळून "ए कोरस".

कान मात्र, काय सांगू तुम्हाला! बांगड्या आम्ही दाराशीच काढून ठेवायचो. तरी एकदा बोट वर. परत. पुन्हा बोट वर. परत. शेवटी मी मंगळसूत्राचे मणी पदरात दाबून धरले, तेव्हा कुठं ते बोट खाली आलं. एकदा तर चालू गाणं थांबवून म्हणाले, "मागच्या गल्लीतला माग बंद पडलाय. खोलीचा आवाज बदलला. आता ह्यो टेक आदल्याला जुळत न्हाय." आणि त्या यंत्रमागाचा तुटलेला धागा जोडून तो पुन्हा खडखडायला लागेपर्यंत आम्हा नऊ जणांना हाताची घडी घालून बसवलं.

पूर्व भागातले एक म्हातारे विणकर स्वतः रचलेलं भजन घेऊन आले होते. घरची बोली तेलुगू, त्यामुळे 'भक्ती' म्हणायला गेले की तोंडातून 'बक्ती' यायचं. परत. परत. परत. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. तेव्हा मालक काचेआडून म्हणाले, "हां, आता आवाजात वल आली. तुमी असंच म्हणा." स्वतः जन्मभर 'तुमी-आमी' करणारा मोहोळकडचा माणूस, आणि दुसऱ्याच्या 'भ'साठी जीव खाणार! आम्ही हसलो त्या दिवशी. मीही हसले, कशाला खोटं बोलू.

मग माझी पाळी आली. एका कॅसेटवाल्याला पाळणा हवा होता आणि पहिल्यांदाच कोरसमधून मला एकटीला पुढं उभं केलं. शेवटचा 'जो' लांबवून हळूच सोडायचा, एवढंच. एकोणीस वेळा परत झालं. विसाव्या वेळी मालक काचेमागून उठून आत आले. ते कधी आत येत नसत. सगळ्यांसमोर म्हणाले, "श्वास पुरंना तुला. दिवस गेलेत व्हय?"

गेले होते. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं. ही बातमी आधी ढोलकीवाल्याला कळली, मग नवऱ्याला.

"दोन जिवांचा श्वास मला एका माइकात नको," म्हणाले, आणि पाळणा दुसरीला दिला. पाळणा, बरं का! मी बांगड्या उचलल्या आणि जिना उतरले. त्यानंतर मी गायले नाही. घरात बाळाच्या पाळण्याशी गुणगुणले असेन, तेवढंच.

पुढं स्टुडिओ बंद पडला. पोरं घरच्या घरी गाणी करायला लागली. लागणार काय त्याला? एक माइक, एक कॉम्प्युटर आणि मधे एक इंटरफेस. म्हणजे तपकिरीच्या डबीहून जरा मोठी डबी, जी माइकचा आवाज कॉम्प्युटरात घालते. मी आणि नवऱ्यानं माइक-स्पीकरचं दुकान टाकलं होतं, तिथं ह्या डब्या आम्ही ठेवायचो. आणि एके दिवशी दुकानाच्या पायरीवर मालक.

"कोरस," म्हणाले, "बारकी डबी दाखव. चांगल्यातली."

जुळे सोलापूर म्हणतात त्या नव्या वस्तीतले एक डॉक्टर मुलीसाठी घरात स्टुडिओ करत होते. सामान निवडायचं मालकांनी आणि मग तिथंच रेकॉर्डिंगला बसायचं. दुसरं काही काम मालकांकडं उरलं नव्हतं. "डॉक्टर म्हणले, तुमचा कान पायजे," हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

डबी बघायची त्यांची रीत जुनीच. माइक लावायचा, आवाज पूर्ण वाढवायचा आणि कुणी बोलायचं नाही. रिकामी खोली ऐकायची. हलकी डबी असली की त्या शांततेतही तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर येते. मी मुद्दाम नव्हे, चुकून हलकी लावली होती. हेडफोन त्यांच्या कानावर, आणि ती चरचर मला टेबलाच्या ह्या बाजूला ऐकू येत होती. मालक डोळे मिटून म्हणाले, "गप हाय. एकदम गप."

त्यांनी हेडफोन उतरवले. मी पाठ फिरवून फळीवरची दुसरी डबी काढता काढता म्हटलं, "ही बघता का?"

"परत?"

तो शब्द मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकला असेल, पण असा कधी नाही. वळून बघितलं, तर ते माझ्या ओठांकडं बघत होते.

मला आनंद झाला. हो, आनंदच. त्यानंतर ते आठ-दहा वेळा आले, आणि दर वेळी मी पाठ फिरवून बोलले. परत? परत? नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याला कशाला खेळवतेस गं?" त्याला काय ठाऊक, एकोणीस वेळा म्हणजे किती असतं ते.

शेवटी डॉक्टर सोबत आले. मालकांनी हेडफोन चढवले आणि रुबाबात खुर्ची भिंतीकडं फिरवली. "डब्या मला दावू नको. कान सांगंल. कोरस, गा तू."

मी दोन डब्या समोर ठेवल्या आणि दोन्ही वेळा वायर एकाच डबीला लावली. पाळण्याची तीच ओळ म्हटली. पहिल्यांदा नीट. दुसऱ्यांदा शेवटचा 'जो' असा खाली पाडला की दारातून जाणारा भाजीवाला वळून बघायला लागला.

मालकांचं बोट वर झालं नाही.

"दुसरी," म्हणाले. "दुसरीत आवाजाला अंग हाय." मग भिंतीकडंच तोंड करून, "आन् श्वास पुरला की गं आज तुला."

मी तिथं थांबायला हवं होतं. नाही थांबले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, ओठ स्पष्ट हलवत, सावकाश म्हणाले, "मालक, डबी एकच होती. आणि दुसऱ्यांदा मी बेसूर गायले."

डॉक्टर आधी हसले, मग खाकरले. मालकांनी हेडफोन काढले. वायरीची एकसारखी गोल वेटोळी केली, आम्हाला शिकवली होती तशीच, आणि टेबलावर ठेवून गेले. डॉक्टरांनी ती डबी घेतली. रेकॉर्डिंगला दुसरा माणूस ठेवला.

मी ही गोष्ट महिनाभर गावभर सांगितली. साउंडवाली पोरं एकमेकांना कानाशी हात लावून "परत?" म्हणून चिडवायला लागली. एका मिरवणुकीत खुद्द मालकांसमोर म्हणाली, असं कळलं. मग मात्र माझ्या तोंडचा घास गोड लागेना.

ते मला शेवटचे दिसले एसटी स्टँडवर. पायाशी एक पिशवी, मोहोळच्या गाडीची वाट बघत. शहरातली खोली सोडून निघाले होते. मी पुढं गेले आणि ऐन गोंगाटात म्हणाले, "मालक, माझं चुकलं."

त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं. एक बोट वर केलं.

"परत."

इतकी माणसं आजूबाजूला. माझा धीर सुटला. "काही नाही, गाडी कुठली म्हटलं."

ते बघतच राहिले, टेक ऐकताना मशीनकडं बघायचे तसे. गाडी लागली. पिशवी उचलून म्हणाले, "पयला टेक बरा होता." आणि चढले.

गाडी हलल्यावर मी 'माझं चुकलं' पुन्हा म्हटलं, चांगलं मोठ्यानं, शेवटपर्यंत श्वास पुरवून. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाला म्हणायलाव ओ?"